‘मदतीसाठी’ होणारे प्रयोग : दोन महायुद्धांमधली एक जुनी रीत

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायला सांगितला होता. पण तो आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी याच अंकात माझ्यापेक्षा बारकाईने लिहिला आहे. पाण्याची टाकी कधी बांधली, कन्व्हेयन्स कधी झालं, लिफ्ट किती वेळा बंद पडली, हे सगळं त्यांच्याकडे तारीखवार आहे. म्हणून मी थोडा मागचा इतिहास घेतो. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाच्या पासावर आपण ‘मदतनिधीसाठी’ असं छापलंय ना, त्या एका शब्दाचा हा इतिहास आहे. करमणूक करायची, तिचं तिकीट लावायचं आणि जमलेला पैसा कुणाच्या तरी मदतीला द्यायचा, ही रीत आपल्याकडे आली कुठून? ती रुजली कशी? आणि तिच्यात गोम कुठे असते? उभा जन्म बँकेत गेल्यामुळे शेवटचा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावं.

दान ही गोष्ट आपल्याला नवी नाही. विहीर खणली, धर्मशाळा बांधली, अन्नछत्र चालवलं, असं पुण्यकर्म करणारे सावकार आणि संस्थानिक गावोगाव होते. पण त्यात देणारा एक आणि घेणारे अनेक. हजारो माणसांनी थोडं थोडं देऊन एक सार्वजनिक काम उभं करायचं, ही कल्पना मात्र शंभर-सव्वाशे वर्षांचीच. तिचा महाराष्ट्रातला ठळक नमुना म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी तो काढला. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, अशी ती साधी योजना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला.

आजच्या मुलांसाठी सांगतो, तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक हजार रुपये जमवायचे तर चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरायचा! बँकेच्या हिशेबाने बघितलं तर हा धंदा आतबट्ट्याचा. एका पैशाची पावती फाडायला लागणारा कागद आणि वेळ यांचीच किंमत जास्त व्हायची. पण काळ्यांना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांना पैशाइतकीच माणसं जमवायची होती. ज्याने पैसा दिला, त्याला तो कारखाना ‘आपला’ वाटला. वर्गणीचं खरं मोल यात असतं.

हे झालं देशी बाजूचं. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक साहेबी पद्धत आपल्याकडे येत होती. इंग्लंडमध्ये त्या काळी बरीचशी इस्पितळं सरकारी नव्हती, लोकांच्या देणग्यांवर चालत. त्यांची सरकारी आरोग्यसेवा आली ती १९४८ साली. तोपर्यंत गावच्या इस्पितळात चार खाटा वाढवायच्या म्हटलं की गावात ‘कार्निव्हल’ भरे. सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक, चित्रविचित्र पोशाख, बँड, खाण्याचे स्टॉल, सोडत, आणि गर्दीतून डबे खुळखुळवत फिरणारे विद्यार्थी. आपल्या जत्रेसारखंच म्हणा ना! फरक इतकाच की जत्रा देवाच्या नावाने भरते आणि ही इस्पितळाच्या नावाने भरायची.

पहिल्या महायुद्धात ही पद्धत इकडे मोठ्या प्रमाणावर आली. १२ डिसेंबर १९१७ रोजी रेडक्रॉसच्या मदतीसाठी हिंदुस्थानभर ‘अवर डे’ साजरा झाला. गव्हर्नरापासून कलेक्टरापर्यंत सगळे अधिकारी त्यात गुंतले. अशा वेळी वर्गणी मागायला खुद्द सरकार येतं. मग देणारा खुशीने देतो की साहेबाची मर्जी राखायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. युद्ध संपलं, पण स्टॉल, सोडत, करमणुकीचं तिकीट ही हत्यारं लोकांच्या हाती आली ती राहिलीच. पुढे लोकांनी ती आपल्या कामासाठी वापरली.

त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९२१ सालचं. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड सुरू झाला आणि बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने ठरवलं की ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे. तेव्हाचे एक कोटी! लोकांना ते अशक्य वाटलं होतं, पण आकडा गाठला गेला, आणि त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता. गिरणीमालकांनी लाखांनी दिले, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले.

मुदत संपली तरी मदतीचा ओघ थांबला नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात, याच फंडासाठी ‘मानापमान’चा प्रयोग झाला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात तो ‘संयुक्त मानापमान’ म्हणून ओळखला जातो. संयुक्त कशासाठी? तर भामिनी होते गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले. या दोन कंपन्या म्हणजे एकमेकींच्या तोडीस तोड प्रतिस्पर्धी. प्रेक्षकांतसुद्धा दोन तट. गंधर्वांचा माणूस भोसल्यांचं नाव निघालं की नाक मुरडायचा आणि भोसल्यांचा माणूस गंधर्वांचं. क्रिकेटच्या आजच्या शौकिनांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अशी दोन माणसं फंडासाठी एका रंगमंचावर उभी राहणार म्हटल्यावर मुंबईत काय खळबळ उडाली असेल!

तिकिटाचा वरचा दर होता शंभर रुपये. मघाच्या पैसा फंडाच्या हिशेबाने बघा, या एका तिकिटात सहा हजार चारशे माणसांची वर्षाची वर्गणी आली. एकाच कामासाठी पैसा जमवायची ही दोन टोकं. एका टोकाला प्रत्येकाचा एक पैसा, दुसऱ्या टोकाला एकाचे शंभर रुपये. समाजाला दोन्ही लागतात. फक्त पहिल्यातून आपलेपणा जास्त येतो आणि दुसऱ्यातून रक्कम जास्त येते, एवढं लक्षात ठेवायचं.

या प्रयोगाच्या आणखी तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, नाटकाची निवड. ‘मानापमान’चे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. पुढे १९२३ साली त्यांनी ‘नवाकाळ’ काढला. आणि नाटकाचा विषय काय? श्रीमंत पण भेकड लक्ष्मीधर की गरीब पण शूर धैर्यधर, भामिनीने कुणाला वरायचं? पैशापेक्षा कर्तबगारी मोठी, असं सांगणारं नाटक शंभर रुपयांचं तिकीट लावून दाखवलं गेलं. त्यात विसंगती वाटेल, पण ज्या कामासाठी पैसा हवा होता ते काम पैशापेक्षा मोठं होतं, आणि नाटकही तेच सांगत होतं.

दुसरी, देणाऱ्यांची स्थिती. बालगंधर्वांची कंपनी त्या सुमारास कर्जाच्या मोठ्या बोज्याखाली होती. भरजरी शालू, उंची अत्तरं, अस्सल दागिने या थाटामागे सावकारांचे कागद होते. बँकवाल्याच्या नजरेने बघितलं तर अशा कंपनीने एका रात्रीचं उत्पन्नसुद्धा सोडू नये. पण त्यांनी ते सोडलं. ज्याच्याकडे उरलं आहे तोच देतो, असं नसतं. बँकेच्या काउंटरवरही मी हेच पाहत आलो.

तिसरी गोष्ट चटका लावणारी. या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव भोसले वारले. वय अवघं एकतीस. ‘संयुक्त मानापमान’च्या पाठोपाठ ‘संयुक्त सौभद्र’ही झालं होतं. लोकांना वाटलं असेल की आता हे असंच चालणार. पण त्या दोघांना एकत्र बघायची संधी मिळाली ती तेवढीच, आणि तीसुद्धा एका फंडामुळे. धंद्यासाठी जे कधी जमलं नाही ते मदतीसाठी जमलं.

यानंतर ‘अमुक संस्थेच्या मदतीसाठी’ ही ओळ नाटकाच्या जाहिरातीत सर्रास दिसू लागली. त्याला कायद्याचाही हातभार लागला, आणि ही बाजू सहसा कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. नाटक, सिनेमा, सर्कस, कशाचंही तिकीट काढलं की त्यावर सरकारचा कर. मात्र सगळं उत्पन्न धर्मादाय कामाला जाणार असेल तर त्या खेळाला कर माफ करण्याची सोय कायद्यात ठेवलेली होती. झालं! म्हणजे ‘चॅरिटी शो’ ही नुसती भावना न राहता ती एक कायदेशीर वर्गवारी बनली. परवानगीचा अर्ज आला, जमाखर्च दाखवणं आलं. माझ्या मते हे फार चांगलं झालं. दानशूर माणसाला हिशेब मागणं म्हणजे त्याचा अपमान, अशी आपली समजूत असते. कायद्याने सांगितलं, अपमान वगैरे काही नाही, कागद दाखवा. (तो करमणूक कर २०१७ साली जीएसटी आल्यावर त्यात विरून गेला. पण जवळजवळ शंभर वर्षं चालला.)

आता दुसरं टोक पाहू, जिथे नाटक नव्हतं पण सण होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. विधवा मुलींना शिकवायचं म्हणजे त्या काळी समाजाचे शिव्याशाप. पैसा कोण देणार? कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि सुट्टीत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करायचे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्याला विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, म्हणून आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. एवढी मोठी देणगी आल्यावर दुसरा कुणी वर्गणीचं पुस्तक मिटून ठेवता. पण हिंगण्याच्या संस्थेने पहिल्या महायुद्धानंतरच्या त्याच काळात भाऊबीज फंड सुरू केला. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, तशी एक छोटी ओवाळणी आश्रमातल्या बहिणींसाठी घाला, एवढंच मागणं. संस्थेचे सेवक दिवाळीत पावतीपुस्तकं घेऊन घरोघर जात. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या घरांतून विचारा, ‘भाऊबीजवाले’ म्हटल्यावर आजही ओळख पटते.

यात कर्व्यांच्या संस्थेने एक मोठी गोष्ट साधली, ती म्हणजे शब्द बदलला. ‘विधवांना मदत करा’ म्हटलं की देणारा वर जातो आणि घेणारी खाली. ‘भाऊबीज घाला’ म्हटलं की दोघं एका पाटावर येतात. ओवाळणी ही भीक नसते, तो हक्क असतो. मदत देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे ज्याला साधलं त्याचा फंड टिकतो. कर्वे एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, संस्थांच्या कामासाठी जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान केलं, नंतर आफ्रिकेतही जाऊन आले. आपल्या सोसायटीतले आम्ही एकाहत्तरच्या पुढचे लोक चौथ्या मजल्यावर वर्गणीला जायचं म्हटलं की आधी लिफ्ट चालू आहे का ते विचारतो!

मदतीच्या पैशाला आणखी एक प्रश्न चिकटलेला असतो : तो आला कुठून? याबद्दल १९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची एक हकिकत सांगितली जाते. शाहीर पठ्ठे बापूराव तेव्हा तमाशाच्या फडातलं फार मोठं नाव. त्यांनी आपल्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं. आपल्याच समाजातल्या स्त्रियांना फडावर नाचवून आलेला पैसा, त्याच समाजाच्या मानासाठी चाललेल्या लढ्याला नको, असा त्यामागचा विचार. बापूरावांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. पण हेतू चांगला असला तरी पैसा घ्यावाच असं नाही, हे ज्याला पैशाची अत्यंत गरज होती त्या माणसाने दाखवलं. ‘आपल्याला काय, पैसा मिळाल्याशी मतलब’ असं म्हणणारे भेटले की मला ही हकिकत आठवते.

१९३०च्या दशकात चित्र बदललं. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि बघता बघता नाटक कंपन्या बसल्या. थिएटरांचे सिनेमागृह झाले. मोठ्या कंपन्या नाहीत म्हटल्यावर मदतीचे प्रयोग कोण करणार? ते काम हौशी लोकांनी उचललं. कचेरीतले कारकून, शाळामास्तर, कॉलेजची पोरं. अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ १९३३ चं, ‘लग्नाची बेडी’ १९३६ चं. फार पडदे-पोशाख न लागणारी, हसवणारी ही नाटकं हौशी मंडळींना सोन्यासारखी सापडली. याच दशकात बिहारचा भूकंप (१५ जानेवारी १९३४) आणि क्वेट्ट्याचा भूकंप (३१ मे १९३५) झाला. बिहारसाठी राजेंद्रप्रसादांनी मदत समिती उभी केली आणि देशभरातून पैसा गेला. हजार मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी खिशात हात घालायची सवय लोकांना लागली ती या काळात.

आपल्या भागाकडे येऊ. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, डोंबिवलीचं गणेश मंदिर १९२४ चं, कल्याण गायन समाज १९२६ चा. यातली एकही संस्था कुणा एका कुबेराने बांधून दिलेली नाही. वाचनालयाचं कपाट, गायन समाजाचा तंबोरा, मंदिराचा सभामंडप, यामागे लोकांच्या वर्गण्या आणि कार्यकर्त्यांच्या वहाणा झिजल्या आहेत. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले यांच्या नावाचा देवगंधर्व महोत्सव कल्याणात अजून भरतो, हा त्या काळाशी असलेला आपला सरळ धागा. आणि १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, ती आज महाराष्ट्रभर पसरली. त्यातले चित्ररथ, लेझीम, फेटे बघताना मला ते इंग्लंडचे इस्पितळाचे कार्निव्हल आठवतात. फक्त आपल्या यात्रेत डबा खुळखुळत नाही. खुळखुळला तर वाईट दिसेल का, यावर मंडळींनी विचार करावा.

हौशी मंडळींचे मदतीचे प्रयोग मी स्वतः पाहिले ते १९७०च्या आसपास, कॉलेजात असताना. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयासाठी नाटक होतं आणि तिकिटं खपवायचं काम आम्हा पोरांकडे. तेव्हा ठाण्यात गडकरी रंगायतन व्हायचं होतं, ते झालं १९७८ साली. मैदानात मांडव घातला होता. तिकिटं खपवताना एक गोष्ट शिकलो : लोक ‘नाटक कोणतं’ हे आधी विचारतात, ‘पैसे कशाला’ हे नंतर, आणि ‘त्या पैशांचं झालं काय’ हे फक्त मनात विचारतात. मनातल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की पुढच्या वर्षी दार उघडत नाही. त्या वाचनालयाने प्रयोगानंतर आठ दिवसांत जमाखर्च दारावर चिकटवला होता. मांडव इतका, चहा इतका, पेट्रोमॅक्सचं भाडं इतकं, शिल्लक इतकी, त्यातून घेतलेली पुस्तकं अमुक. लोक थांबून थांबून वाचत होते. दुसऱ्या एका मंडळाने तसं केलं नाही. पैसे कुणी खाल्ले होते असं मी म्हणत नाही, बहुधा खाल्लेही नसतील. पण कागद लागला नाही, आणि दोन वर्षांत त्या मंडळाला वर्गणी मिळेनाशी झाली. पैसा हरवला तर परत जमवता येतो, विश्वासाचं खातं मात्र एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही.

पुढे बँकेत असताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप. आमच्या शाखेत मदतनिधीचे पैसे भरायला रांग लागली. त्यात शाळेतली पोरं मातीचे गल्ले घेऊन आली होती. काउंटरवर गल्ले फोडायला शिपायाने जुना टॉवेल अंथरला. पाच पैसे, दहा पैसे, चार आणे. मोजायला इतका वेळ लागला की रोखपाल जेवायला उठलाच नाही. एरवी सुट्टी नाणी घेताना कपाळाला आठ्या घालणारा माणूस तो! पैसा फंडाबद्दल मी वर जे लिहिलं ते पुस्तकातून कळलं होतं, पण समजलं त्या दिवशी.

ही रीत संपलेली नाही. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी आपल्या प्रयोगांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा गाजावाजा न करता संस्थांना दिला. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र निघालं त्यामागेही त्यांची देणगी होती. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी नाटक घेतलं ते अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’च. पन्नास वर्षांपूर्वीचं नाटक पुन्हा मदतीला धावलं. आणि नाव बघा, ‘मदत निधी’ नाही, ‘कृतज्ञता निधी’. भाऊबीजेसारखंच, शब्द बदलला आणि नातं बदललं.

आता आपल्या घरचं. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाचे पास आणि या स्मरणिकेच्या जाहिराती यातून खर्च वजा जाता काही रक्कम उरेल असा खजिनदारांचा अंदाज आहे. तिचं काय करायचं यावर गेल्या सभेत बरीच गरमागरमी झाली. काहींचं म्हणणं, कंपाउंडची भिंत रंगवा. काहींचं म्हणणं, आपले वॉचमन, सफाईवाले आणि घरोघर काम करणाऱ्या मावशी यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी करा. निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. मी माझं मत इथे लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी सभेत अवश्य बोलावं.

भिंतीसाठी आपला दुरुस्ती निधी आहे. दर महिन्याच्या बिलात तो आपण भरतो आणि तो त्यासाठीच आहे. पासावर मात्र आपण ‘मदतनिधीसाठी’ असं छापलं आहे. पास घेणाऱ्याने ते वाचून पैसे दिले. त्या पैशाने स्वतःचीच भिंत रंगवणं म्हणजे आपणच आपल्याला ओवाळणी घालून घेणं. १९२१ साली शंभर रुपये मोजणाऱ्याला उद्या कळलं असतं की त्या पैशातून बालीवाला थिएटराच्या खुर्च्या बदलल्या, तर त्याला काय वाटलं असतं?

दुसरं, या मुलांना आपण ‘मदत’ करतोय असं नको. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा रात्रभर पाण्यात उभं राहून म्हाताऱ्या माणसांना वर पोचवणारे आपले दोन वॉचमन होते. त्यांची स्वतःची खोली तोवर बुडाली होती. करोनाच्या पहिल्या महिन्यांत कचरा कुणी उचलला, हेही सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा आपण देऊ ते त्यांचं आपल्याकडे राहिलेलं येणं आहे. बँकेच्या भाषेत, ही देणगी नसून थकबाकी आहे.

तिसरं, पद्धत. या निधीचं खातं सोसायटीच्या खात्यापासून वेगळं ठेवावं, दोन सभासदांच्या सहीने चालवावं. मेंटेनन्समधला एक रुपयाही त्यात वळवू नये, ज्याला द्यायचं त्याने खुशीने द्यावं. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण जास्तीत जास्त घरांतून यावी. फी सरळ शाळेत भरावी, मुलांना स्टेजवर बोलावून पाकिटं वाटू नयेत आणि फोटो काढू नयेत. आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांच्या आत संपूर्ण जमाखर्च लिफ्टशेजारच्या फलकावर लावावा. मांडवाचे किती, माईकचे किती, वडापावचे किती, शिल्लक किती.

तो कागद लिहून द्यायचं काम समितीने मला सांगितलं तर मी आनंदाने करीन. अक्षर अजून बरं आहे.